स्वातंत्र्याची वसुली

मध्यरात्र उलटून गेली आहे, तरी चरक चालूच आहे. तुम्ही उभे आहात कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, फ्रान्सच्या सां दोमिंग नावाच्या वसाहतीत, उत्तरेकडच्या सपाट मैदानातल्या एका उसाच्या मळ्यात. साल १७८८. हवेत उकळत्या रसाचा वास भरला आहे. कोल्हापूर-कराडकडे लहानपण गेलं असेल तर हा वास तुम्ही डोळे मिटून ओळखाल. पण त्यावर जाऊ नका. गुऱ्हाळावर आलेल्या माणसापुढे कोणी ना कोणी रसाचा पेला धरतंच. इथे राबणाऱ्याने ऊस चोखू नये म्हणून त्याच्या तोंडावर पत्र्याचा मुखवटा चढवून मागे कुलूप लावतात.

तुम्ही इथे कोणाला दिसणार नाही आणि तुम्हाला कोणाला हात देता येणार नाही. पाहायचं, ऐकायचं आणि ध्यानात ठेवायचं, एवढंच तुमच्या हाती आहे.

चरकाच्या जवळ जा. लोखंडाने मढवलेले तीन उभे रूळ आहेत, ते खेचरं गोल फिरून फिरवतात. एक बाई पुढून ऊस सारते, पलीकडे बसलेली दुसरी बाई पिळून आलेली चिपाडं पुन्हा रुळांत घालते. तोडलेला ऊस दिवसाभरात गाळला नाही तर रस आंबतो, म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस चालतो आणि दिवसभर ऊस तोडलेली माणसंच रात्री पाळीला येतात. पेंग येते. उसाबरोबर बोटं आत जातात, मग मनगट, मग कोपर. खेचरं हाक मारताच थांबत नाहीत. म्हणून जवळच्या खांबाला एक धारदार कोयता टांगलेला असतो. तो ऊस तोडायचा कोयता नव्हे. हात गेला तरी बाकीचं माणूस कामाला उरावं, यासाठी मालकाने केलेली ती तजवीज आहे.

माकांदाल नावाच्या माणसाचा हात असाच चरकात गेला, असं इथले लोक सांगतात. तो पळून डोंगरात गेला, विषाच्या मुळ्या ओळखायला शिकला, मळ्यामळ्यांत माणसं जोडत राहिला. १७५८ साली त्याला ल काप शहराच्या चौकात जिवंत जाळलं. मरायच्या क्षणी तो माशी होऊन उडून गेला, असं चरकावरच्या बायका एकमेकींना सांगतात. तीस वर्षांनंतरही सांगतात.

रस पन्हळीतून शेजारच्या खोपीत जातो. तिथे भट्टीवर ओळीने काहिली मांडल्या आहेत, पहिली सर्वात मोठी, शेवटची सर्वात लहान. चुना टाकून मळी वर आणायची, ती झाऱ्याने काढायची, आटलेला रस मोठ्या पळीने पुढच्या काहिलीत ओतायचा. पळी जरा कलली की पाक अंगावर, आणि साखरेचा पाक अंगाला लागला की सुटत नाही. शेवटच्या काहिलीतला पाक मातीच्या निमुळत्या मडक्यांत भरून मडकी टोक खाली करून ठेवतात, वर ओल्या चिकणमातीचा थर देतात. माती पाणी सोडते, पाणी काकवी घेऊन खाली उतरतं, आणि काही आठवड्यांनी मडक्यातून पांढरीशुभ्र साखर निघते. ती बोर्दो आणि नांतच्या बंदरांत जाते. या एका वसाहतीतून युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर जाते, आणि कॉफी निम्म्याहून जास्त. पॅरिसच्या कॉफीगृहात माणसाच्या मूलभूत हक्कांवर वाद घालणाऱ्याच्या पेल्यातली कॉफी बहुधा इथलीच आहे आणि तिच्यातली साखरही.

वसाहतीत जवळपास ५ लाख गुलाम आहेत. गोरे सुमारे ३० हजार, आणि जवळजवळ तितकेच स्वतंत्र असलेले मिश्रवर्णीय व काळे. गुलामांपैकी दोन-तृतीयांश आफ्रिकेत जन्मले आहेत. शंभर वर्षांची वसाहत, मग इथेच जन्मलेले इतके कमी का? कारण माणूस वाढवण्यापेक्षा झिजवून नवा विकत घेणं मालकाला स्वस्त पडतं. इथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत आणि जहाजं येत राहतात. हे सगळं कायद्याने चालतं. चौदाव्या लुईच्या १६८५ च्या कायद्यात लिहून ठेवलं आहे: महिनाभर पळून राहिला तर कान कापून खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडावी, तिसऱ्यांदा देहदंड.

आता तीन वर्षं पुढे या. १७९१ चा ऑगस्ट. दरम्यान पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग पडला आहे, मानवी हक्कांचा जाहीरनामा छापून आला आहे. मळेवाल्यांना त्यातलं स्वातंत्र्य स्वतःपुरतं हवं आहे. स्वतंत्र मिश्रवर्णीयांना गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क हवे होते. त्यांच्यातल्या व्हिन्सां ओझेने त्यासाठी शस्त्र उचललं, तर फेब्रुवारीत त्याला ल कापमध्ये चाकाला बांधून हाडं मोडून मारलं. या सगळ्या चर्चा मालकांच्या जेवणाच्या टेबलावर झाल्या आणि टेबलामागे वाढायला उभे असलेले लोक त्या ऐकत होते. गुलामाला कान असतात, हे मालकांना तोवर सुचलंच नव्हतं.

१४ ऑगस्टच्या रात्री बुआ कायमां नावाच्या रानात मळ्यामळ्यांतले प्रतिनिधी जमतात. म्होरक्या बुकमन हा गाडीवान आहे. डुक्कर बळी दिला जातो, शपथ घेतली जाते. त्या रात्रीची हकीगत छापून आली ती १८१४ साली, तीही गुलामांच्या द्वेष्ट्याने लिहिलेली. त्यामुळे तपशिलाबद्दल इतिहासकारांत वाद आहेत. पुढे काय झालं याबद्दल मात्र नाहीत. २२ ऑगस्टच्या रात्री शंख फुंकले गेले आणि मैदान पेटलं. तुम्ही ल कापच्या एखाद्या छपरावर चढलात तर क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऊस जळताना दिसेल. अंगावर पाचटाची राख पडेल. काही आठवड्यांत शेकडो मळे बेचिराख झाले. चरक फोडले, काहिली फोडल्या. मालकांची माणसं मारली, बायकामुलंही मारली. नोव्हेंबरात बुकमन मारला गेला आणि त्याचं मुंडकं ल कापमध्ये लोकांना दाखवायला लावलं.

या रात्रीची वर्णनं तुम्हाला पुष्कळ वाचायला मिळतील, कारण ती लिहिणारे बहुतेक मळ्यांचे मालक होते. त्यांनी एका रात्रीच्या कत्तलीला पानंच्या पानं दिली आणि आधीच्या शंभर वर्षांना एखादी ओळ. तुम्ही मात्र खांबावरचा कोयता पाहून आला आहात.

पुढची दोन-तीन वर्षं वेगाने ओलांडू. स्पेन आणि ब्रिटन दोघांनाही ही दुभती वसाहत हवी असते. काळ्यांची फौज आपल्या बाजूला नसेल तर वसाहत जाणार, हे ओळखून फ्रेंच प्रतिनिधी सोंतोना २९ ऑगस्ट १७९३ ला उत्तर प्रांतातली गुलामी रद्द करतो. ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसमधली राष्ट्रसभा, म्हणजे कन्व्हेन्शन, सगळ्या फ्रेंच वसाहतींसाठी तोच ठराव करते. सभागृहात सां दोमिंगचा प्रतिनिधी म्हणून बेले बसला आहे. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला माणूस. पाठ्यपुस्तकं या ठरावाचं श्रेय फ्रेंच राज्यक्रांतीला देतात. मला ते पटत नाही. मळे जळले नसते तर हा ठराव मांडायची वेळच कोणावर आली नसती.

१८०१ मध्ये जरा थांबा. मेणबत्तीच्या उजेडात एक ठेंगणा, सडसडीत माणूस एका लेखनिकाला पत्र सांगतो आहे, दुसऱ्याने लिहिलेलं दुरुस्त करून घेतो आहे. हा तुसाँ लुव्हर्त्यूर. ब्रेदाच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला, घोडे सांभाळले, झाडपाल्याची औषधं शिकला, क्रांतीच्या आधीच मुक्त झाला होता. त्याने स्पॅनिशांना हटवलं, ब्रिटिशांना हटवलं, आणि आता संविधान केलं आहे, ज्यात गुलामी कायमची रद्द आहे. त्याच संविधानात तो स्वतः तहहयात गव्हर्नर आहे, आणि त्याच्या फर्मानाने शेतमजुरांना मळे सोडून जायची बंदी आहे. सोडून गेला तर शिपाई धरून आणतात. आता चाबूक नाही, उत्पन्नातला वाटा आहे. पण काम त्याच मळ्यावर, त्याच उसात. मजुरांनी बंड केलं तेव्हा त्यांची बाजू घेतल्याच्या आरोपावरून त्याने मानलेल्या पुतण्याला, सेनापती मोईजला, गोळ्या घालायला लावल्या.

तुम्हाला राग येईल, आणि तो यायलाच हवा. पण त्याची अडचणही बघा. फ्रेंच फौजा परत येणार हे तो जाणतो. त्यासाठी बंदुका हव्यात, त्या अमेरिकन व्यापाऱ्यांकडून मिळतात, आणि त्यांचे पैसे फक्त साखर आणि कॉफीतून उभे राहतात. वसाहतीने या जमिनीला एकच धंदा शिकवला होता. मजुरांना हवा होता आपापला तुकडा, त्यात कंद, मका, चार कोंबड्या, आणि कोणाची घंटा नाही. राज्याला हवी होती निर्यात. ही फाट पुढे दोनशे वर्षं बुजली नाही.

फौजा आल्याच. १८०२ च्या सुरुवातीला नेपोलियनचा मेहुणा लक्लेर प्रचंड आरमार घेऊन आला. तुसाँला वाटाघाटीला बोलावून जूनमध्ये दगाफटक्याने पकडलं आणि फ्रान्समधल्या जुरा पर्वतातल्या जू किल्ल्यात कोंडलं. त्या कोठडीत क्षणभर जा. भिंतींना ओल आहे, लाकूड मोजून मिळतं, आणि उष्ण देशातला साठीचा म्हातारा शेकोटीला चिकटून खोकतो आहे. ७ एप्रिल १८०३ ला तो तिथेच गेला. तोवर इकडे बातमी पोचली होती की शेजारच्या ग्वादलूप बेटावर फ्रेंचांनी गुलामी पुन्हा लादली. मग कोणाला समजवावं लागलं नाही. फ्रेंचांच्या बाजूला गेलेले देसालीन, क्रिस्तोफ, पेत्यों हे सेनानीही फिरले. नेपोलियनने पाठवलेल्या पोलिश पलटणीतले काही शिपाईसुद्धा, आपल्याच देशासारखा देश बुडवायला आपण आलोत हे उमजून, काळ्यांना येऊन मिळाले. पीतज्वराने फ्रेंच छावण्या ओस पाडल्या, लक्लेरही गेला, आणि १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तिएरच्या टेकडीवर शेवटची लढाई झाली. कापुआ नावाच्या अधिकाऱ्याचा घोडा तोफगोळ्याने पडला, टोपी उडाली, तरी तो तलवार उपसून पायी पुढे धावत राहिला. फ्रेंच सेनापतीने दुसऱ्या दिवशी शरणागती पत्करली.

या मोहिमेचं भवितव्य अंधारात दिसू लागलं तसं नेपोलियनने अमेरिका खंडातला आपला मनसुबाच गुंडाळला आणि १८०३ साली लुईझियानाचा अफाट प्रदेश अमेरिकेला ८ कोटी फ्रँकांना विकून टाकला. हा आकडा लक्षात असू द्या, थोड्याच वेळात लागेल.

१ जानेवारी १८०४, गोनाईव्ह. देसालीन स्वातंत्र्य जाहीर करतो आणि बेटाला त्याच्या मूळ रहिवाशांनी दिलेलं हैती हे नाव परत मिळतं. आजही हैतीत दर १ जानेवारीला घरोघर लाल भोपळ्याचं सूप होतं. गुलामांनी शिजवायचं आणि मालकांनी खायचं असा तो पदार्थ होता, म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी तोच, असं हैतीची माणसं सांगतात. वाटीभर घ्या. पण इथून डोळे झाकून निघू नका. पुढच्या काही महिन्यांत देसालीनच्या हुकमावरून मागे राहिलेल्या हजारो फ्रेंचांची कत्तल झाली, बायकामुलांसकट. ते घडलं आणि ते सांगितलंच पाहिजे.

गुलामांनी स्वतः लढून गुलामी मोडली आणि स्वतःचं राष्ट्र उभं केलं, असं जगाच्या इतिहासात हे एकमेव उदाहरण. बहुतेक गोष्टी इथे संपवल्या जातात. मी तुम्हाला ज्यासाठी आणलं ती गोष्ट इथून पुढे आहे.

३ जुलै १८२५. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या धक्क्यावर कडक ऊन आहे. बंदरात फ्रेंच युद्धनौका शिरते आहे आणि तिच्यावरून बॅरन द माको नावाचा तरुण आरमारी अधिकारी उतरतो. त्याच्याकडे राजा दहाव्या शार्लने १७ एप्रिलला सही केलेलं फर्मान आहे. त्याच्या खांद्यावरून वाकून वाचा, फक्त तीन कलमं आहेत. एक, बंदरं सर्वांना खुली होतील आणि फ्रेंच जहाजांना जकात निम्मी. दोन, मळे गमावलेल्या जुन्या वसाहतवाल्यांच्या भरपाईसाठी १५ कोटी फ्रँक, पाच सारख्या वार्षिक हप्त्यांत, पहिला हप्ता ३१ डिसेंबरला. तीन, या अटींवर राजा 'सां दोमिंगच्या फ्रेंच भागातल्या रहिवाशांना' स्वातंत्र्य बहाल करतो. अख्ख्या कागदावर हैती हे नाव कुठेही नाही. एकवीस वर्षांपूर्वी रणांगणावर मिळवलेली गोष्ट राजा विकतो आहे.

तीन दिवस बोलणी अडतात. अध्यक्ष ब्वायेच्या माणसांना रक्कम अवाच्या सवा वाटते. माकोला घासाघीस करायची मुभाच नाही. नकार आला तर काय करायचं तेवढं त्याला सांगितलेलं आहे. मागून उरलेलं आरमार येतं. एकूण चौदा युद्धनौका आणि पाचशेहून जास्त तोफा. धक्क्यावर मासळी विकायला बसलेली बाई त्या डोलकाठ्या पाहते आणि टोपली आवरायला लागते. ब्वाये सही करतो.

त्याला भेकड म्हणणं सोपं आहे, आणि हैतीत तसं म्हणणारे तेव्हाही होते. पण त्याच्या बाजूला उभे राहून समुद्राकडे बघा. जगातल्या एकाही मोठ्या सत्तेने या देशाला मान्यता दिलेली नाही. अमेरिकेतले गुलामांचे मालक हैतीचं नाव निघालं की दचकतात. त्यांच्या सरकारची मान्यता येणार आहे १८६२ साली. स्पॅनिश अमेरिका स्वतंत्र करायला निघालेला बोलिवार इथेच आश्रयाला आला होता. पेत्योंने त्याला माणसं, बंदुका आणि जहाजं दिली होती आणि बदल्यात गुलामांना मुक्त कर एवढीच अट घातली होती. तो बोलिवारही आता हैतीला दूर ठेवतो आहे. मान्यतेचा कागद मिळाला तर व्यापार वाढेल आणि आक्रमणाची टांगती तलवार जाईल, असा ब्वायेचा हिशेब होता. हिशेब चुकला, पण तोफा खऱ्या होत्या.

आता तो आकडा काढा. फ्रान्सने लुईझियाना विकलं ८ कोटींना. त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या, युद्धाने होरपळलेल्या देशाकडून मागितले १५ कोटी. नुसता पहिला ३ कोटींचा हप्ता हैती सरकारच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे सहा पट होता. तो भरायला कर्ज काढावं लागलं, आणि ते पॅरिसच्याच पेढ्यांकडून. कर्ज ३ कोटींचं, हातात आले २ कोटी ४० लाख, बाकी दलाली. उरलेली रक्कम तिजोरी खरवडून पाठवली. ज्याला खंडणी द्यायची त्याच्याच गल्लीतून व्याजाने पैसे आणायचे. हैतीच्या इतिहासात याला दुहेरी कर्ज म्हणतात.

पॅरिसला चला. भरपाई कोणाला किती याचा निवाडा करणाऱ्या आयोगाने १८२८ पासून सहा जाडजूड खंड छापले. एक खंड उघडून पानावरून बोट फिरवा. जुन्या मालकाचं नाव, मळा उसाचा की कॉफीचा, कोणत्या तालुक्यातला, वारस कोण, मंजूर रक्कम किती. विधवा, नातवंडं, घेणेकरी, सगळे आले आहेत. मळ्याची १७८९ ची किंमत धरून तिच्या एक-दशांश भरपाई द्यायची ठरली. आणि उसाच्या मळ्याच्या किमतीत सर्वात मोठा वाटा असायचा तो त्यावरच्या गुलामांचा. म्हणजे चरकावरच्या त्या दोघी बायकांचीही किंमत या रकमेत धरलेली आहे, आणि ती फेडणार आहेत त्यांची मुलं आणि नातवंडं. ज्यांचा हात कापला गेला त्यांच्यासाठी या सहा खंडांत एकही रकाना नाही.

पैसा यायचा कुठून? ब्वायेने १८२६ साली ग्रामीण कायदा करून शेतकऱ्यांना पुन्हा मळ्यांना जखडायचा प्रयत्न केला. लोकांनी पळ काढून डोंगर गाठले आणि लहान लहान तुकड्यांवर कॉफी लावली. मग कर लागला कॉफीवर. पहाटे डोंगरातून उतरणाऱ्या बाईबरोबर चाला. गाढवावर दोन पोती आहेत, वाट दगडांची, पूल नाही. बंदराजवळचा व्यापारी निर्यातीचा कर आधी वजा करूनच भाव सांगतो. तिच्या गावात शाळा नाही, दवाखाना नाही, रस्ता नाही, कारण कराचा पैसा जहाजात बसून जातो. १८३८ साली फ्रान्सने उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली. तरी फेड चालूच राहिली.

१८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. काळ्यांची गुलामी मोडायला झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यानंतर दोन वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जखतं बाहेर काढून जाळली. त्याच १८७५ साली हैतीचं सरकार पॅरिसच्या क्रेदी अँदुस्त्रिएल बँकेकडून नवं कर्ज घेत होतं, जुनं फेडायला. बँकेने त्यातले ४० टक्के आधीच कापून घेतले. उरलेल्यातलं बरंचसं जुन्या देण्यात गेलं, आणि काही हैतीच्या अधिकाऱ्यांच्या खिशात. तेही लपवायचं कारण नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला निदान खत कुठे आहे हे माहीत होतं आणि सावकाराचं दार चालत जाण्याच्या अंतरावर होतं. हैतीच्या कॉफीवालीचं खत समुद्रापार, तिने कधीही न ऐकलेल्या रस्त्यावरच्या तिजोरीत होतं. त्याच बँकेने १८८० साली 'हैतीची राष्ट्रीय बँक' काढली. नाव हैतीचं, संचालक पॅरिसमध्ये, आणि सरकारने स्वतःचाच पैसा ठेवला किंवा काढला तरी दलाली बँकेला. आयफेल टॉवरच्या उभारणीला पैसा देणाऱ्यांत हीच बँक होती. टॉवरखाली उभं राहून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हे कोणीतरी सांगायला हवं.

शिकागोचं १८९३ चं प्रदर्शन आपण विवेकानंदांच्या भाषणामुळे ओळखतो. त्याच प्रदर्शनात हैतीने आपलं दालन उभारलं होतं. ते सांभाळायला हैतीने नेमला होता फ्रेडरिक डग्लस, अमेरिकेतल्या गुलामीतून निसटून आलेला थोर वक्ता. स्वतःच्या देशाने ज्या प्रदर्शनात काळ्यांना मानाची जागा दिली नाही, तिथे त्याला जागा दिली हैतीने. कर्जात बुडालेल्या देशाने.

आणखी दोन थांबे आहेत, दोन्ही झटपट. १७ डिसेंबर १९१४, पोर्ट-ओ-प्रिन्स, सुस्तावलेली दुपार. आठ अमेरिकन नौसैनिक राष्ट्रीय बँकेत शिरतात आणि लाकडी पेट्या घेऊन बाहेर पडतात. पेट्यांत ५ लाख डॉलरचं सोनं आहे. ते मचायस नावाच्या गनबोटीवर चढतं आणि न्यू यॉर्कला जातं. पुढच्या जुलैत अमेरिकन फौज उतरली ती १९३४ पर्यंत हलली नाही. रस्ते बांधायला शेतकऱ्यांना दोर लावून वेठबिगारीला नेलं. त्याविरुद्ध लढणाऱ्या शार्लमान्य पेराल्तला १९१९ साली मारून त्याचं प्रेत फळीला बांधलं, फोटो काढला आणि दहशत बसावी म्हणून गावोगाव वाटला. फौज गेली तरी अमेरिकन बँकेचं देणं फिटायला १९४७ साल उजाडलं.

आता परत आपल्या काळात या. २००३ साली अध्यक्ष आरिस्तीदने फ्रान्सकडे हिशेब मागितला: आजच्या किमतीने २,१६८ कोटी डॉलरहून जास्त. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सशस्त्र बंडाच्या गोंधळात तो पदावरून गेला आणि अमेरिकन विमानाने त्याला देशाबाहेर नेलं. त्याच्या कारभाराबद्दल हैतीतच तीव्र मतभेद आहेत. मागणी मात्र त्याच्याबरोबर मोडीत निघायला नको होती. २०२२ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी जुनी दप्तरं तपासून आकडा मांडला: दुहेरी कर्जापोटी ६४ वर्षांत हैतीने ११ कोटी २० लाख फ्रँक भरले, आजचे सुमारे ५६ कोटी डॉलर. तो पैसा देशात राहिला असता तर हैतीच्या पदरात २,१०० कोटी ते ११,५०० कोटी डॉलर पडले असते, असा त्यांचा अंदाज.

हैतीची बातमी आपल्याकडे येते ती भूकंपाची, कॉलऱ्याची, टोळीयुद्धाची. देश चालवताच येत नाही या लोकांना, असा शेरा लगेच मागून येतो. तिथल्या हुकूमशहांनी आणि श्रीमंतांनी लुटलं हे खरंच आहे. पण आधी तिजोरी कोणी, किती वर्षं आणि कोणत्या कागदाच्या जोरावर रिकामी केली, हे न सांगता दिलेला तो शेरा खोटा आहे.

१७ एप्रिल २०२५ ला, फर्मानाला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी अन्याय झाल्याचं मान्य केलं आणि दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. पैसे परत करण्याचं वचन त्या निवेदनात नव्हतं. ते पैसे परत गेले पाहिजेत. रक्कम छापील आहे, घेणाऱ्यांची नावं सहा खंडांत आहेत, बँकांची दप्तरं शाबूत आहेत. आयोगाला आणखी कोणता पुरावा हवा आहे?

तुम्ही शिक्षक असाल तर एवढं कराच. वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना १७८९ च्या खाली फळ्यावर १७९१ आणि १८२५ ही दोन सालं लिहा, आणि त्या सालांत काय घडलं ते मुलांना सांगा.